लाल सोडून कुठलाही रंग

दादा, आज सकाळी निघायच्या आधी चार वेळा उठून गॅसचा खटका बघून आले. चारही वेळा बंदच होता. मग दाराच्या कडीचा स्क्रू ढिला झालाय असं वाटलं, पाना घेऊन गेले, तर तोही घट्ट. तू गेल्यापासून हातांना हे असं लागलंय. बसमध्ये बसले की समोरच्या सीटचे बोल्ट मोजते आणि एखादा नसला की दिंडोरी येईपर्यंत नजर तिथून हलत नाही. वहिनी म्हणतात, मंदाताई, जरा एका जागी बसा. बसवत नाही. म्हणून लिहायला घेतलंय, निदान लिहिताना हात कागदावर तरी राहतात.

तुझी माहिती तुषारने पेपरातल्या निधनाच्या चौकटीत दिलीय. ओझरच्या कारखान्यातली नोकरी, पत्नी, मुलगा, बहीण असा परिवार, आणि तुझा तो टाय घातलेला फोटो, ज्यात तू दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ वाटतोस. तू विमान बांधत होतास हे त्यात नाही. तुषार म्हणाला, आत्या, ते लिहिलं तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावत बसावं लागेल. त्याचं बरोबर आहे. नऊ वर्षं आपण दुसरं काय केलं? विमान? म्हणजे खरं? माणूस बसेल असं? हो, एक माणूस बसेल असं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे इंजिन. कुठे बांधता? दिंडोरीला, बाळूभाऊंच्या द्राक्षाच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये. मग लोक तुझ्याकडे बघायचे, नंतर माझ्याकडे बघायचे, आणि चहा घ्यायचे.

सगळे इंजिनाबद्दल विचारायचे. तू म्हणायचास, इंजिन आठ महिन्यांत मिळालं, बोल्ट निवडायला दोन वर्षं गेली. लोकांना ती गंमत वाटायची. मला नाही वाटायची, कारण त्या दोन वर्षांतली निम्मी भांडणं माझ्याशी होती. सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं बोल्टच तपासले. डोक्यावरचा आकडा न बघता हातात घेऊन सांगायचे कुठल्या ताकदीचा आहे ते. आणि तू परदेशातून एकेक बोल्ट मागवत होतास, पुडीत बांधून, केशर आणावं तसा. मला राग यायचा. आमच्याकडे यापेक्षा दीडपट ताकदीचे बनतात, मी स्वतः पास केलेत, असं मी म्हणायचे. तू म्हणायचास, असतील.

एका रविवारी मी आठ काळे बोल्ट घेऊनच आले. त्यातला एक तू व्हाइसमध्ये पकडलास, त्याच्यावर पाइप चढवलास आणि जोर लावलास. थोडा वाकला आणि फाटकन मोडला. मग तुझा लावलास. तो वाकला, आणखी वाकला, पार वळला, पण मोडला नाही.

"तुझा ताकदवान हाय मंदे, कोण नाय म्हणतंय," तू म्हणालास. "पण वाकलेला बोल्ट सकाळी तपासताना दिसतो. हा तुझा मोडायच्या आधी सांगत नाय काही."

"म्हणजे माझी तीस वर्षं फुकट?"

"ट्रॅक्टरला लाव की. बाळूभाऊला दे."

बाळूभाऊंनी खरंच नेले ते, फवारणीच्या यंत्राला लावले, अजून आहेत. मी मात्र दोन रविवार आले नाही. तेव्हा तू फोन करून नुसतं विचारलंस, आटे भोकात येत नाहीत ना हे तुझ्याइतकं चांगलं कोण मोजणार? तुला ठाऊक होतं मला कसं बोलवायचं ते.

मग मोजणं हे माझं काम झालं. बोल्टचा गुळगुळीत भागच भोकात बसला पाहिजे, आटे पत्र्यांच्या बाहेर, कारण आटे भोकात आले की ते भोकाला कानशीसारखे घासत राहतात. लांबी कमी पडली तर दुसरा बोल्ट, जास्त झाली तर एक वॉशर, फार तर दोन. तिसरा वॉशर दिसला की तू म्हणायचास, हा बोल्ट निवडलेला नाही, सांभाळून घेतलेला आहे. प्रत्येक बोल्टचं डोकं वर आणि नट खाली, म्हणजे नट पडलाच तर बोल्ट निदान आपल्या वजनाने जागेवर राहील. एखादा मी उलटा घातलेला दिसला की तू ओरडायचास, आणि तू घातलेला मला दिसला की मी त्याहून जोरात. अंड्यांच्या ट्रेमध्ये खळगाभर बोल्ट, प्रत्येक खळग्याला चिठ्ठी. बाळूभाऊंनी एकदा त्यातला एक नट फवारणीच्या नळीला लावला आणि तू दिवसभर गुडघ्यांवर रांगत शेड झाडलीस. नट सापडला तेव्हा त्याला द्राक्षावरच्या औषधाचा वास येत होता. तो तू फेकून दिलास, आणि बाळूभाऊ आठवडाभर तुझ्याशी जपून बोलत होते.

आणि दोन नियम, जे तू ओझरच्या विमान कारखान्यातून आणलेस. पहिला, नट ठरलेल्या जोराने आवळला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढायची, म्हणजे पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. रंग म्हणून तू नेलपॉलिश आणायचास. दुसरा, आवळणाऱ्याने तपासायचं नाही. वहीत दोन खाने होते. पहिल्यात तुझी टिक, दुसऱ्यात माझी सही. त्या खान्याचं नाव तू ठेवलं होतंस, दुसरी नजर. मी निवृत्त झाले तेव्हा घरात कुणाला माझी नजर लागत नव्हती, तुला लागत होती. हे तुला कधी म्हटलं नाही. बहिणीने भावाला असलं काही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आपण एकमेकांना जेवलास का विचारतो.

आता खंडेनवमीचं लिहायला हवं. तीन वेळा पेन खाली ठेवलं.

दरवर्षी शेडमधल्या हत्यारांची पूजा मीच करायचे. पाने, ड्रिल, कानशी ओळीने मांडून, हळदकुंकू, झेंडू. या वर्षी पंख लागले होते, पंखाखालचे टेकू लागले होते, पहिल्यांदाच ते विमान दिसत होतं. मला भरून आलं. हत्यारांची पूजा झाल्यावर मी कुंकू पाण्यात कालवलं आणि टेकूच्या आठही नटांना बोट ओढून लावलं, नव्या गाडीला लावतो तसं. तू इंजिनपाशी होतास. आठातले सहा तू सकाळी आवळले होतेस. दोन फक्त हाताने फिरवून ठेवले होतेस, नंतर पाना लावू म्हणून.

नंतर म्हणजे चार दिवसांनी. डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं, पंखाखाली अंधार, टॉर्चच्या उजेडात आठही नटांवर लाल दिसलं. तू आठ टिका केल्यास. त्या रविवारी मी आले, वही उघडली, टॉर्च मारला, लाल दिसलं. आणि मी आठ सह्या केल्या. पाना न लावता.

त्यानंतर आठवड्याने तू मला फोन करून बोलावून घेतलंस. विमान पहिल्यांदा शेडबाहेर काढून इंजिन चालवायचं ठरत होतं, आणि तू सगळं पुसायला घेतलं होतंस. हातात फडकं होतं, फडक्यावर लाल.

"हे काय हाय?"

मी वास घेतला. कुंकू.

"आता हा नट फिरव."

दोन बोटांनी फिरला.

"सही कोणाची?"

"माझी. आणि टिक कोणाची?"

"माझी. मला मोतीबिंदू हाय मंदे. तुला काय होतं?"

मला जे होतं ते मी सांगितलं नाही. मी म्हणाले, लाल नेलपॉलिश आणायची अक्कल कोणाची? खंडेनवमीला यंत्राला कुंकू लागतं हे तुला आज कळलं का?

"म्हणजे मी रंग बदलू? तुझ्या कारखान्यात हे असं झालं असतं तर घरी बसवलं असतं तुला."

"मग शोध दुसरी नजर," मी म्हणाले आणि पिशवी उचलली. तू थांब म्हणाला नाहीस. मी गेटपर्यंत सावकाश चालले, तुला म्हणता यावं म्हणून.

बस होती, दादा. त्या रविवारी साडेपाचची बस होती. ती चुकली की पुढची तासाने, आणि माझा गुडघा उभं राहू देत नव्हता. एवढंच होतं. तीस वर्षांत एकही बोल्ट न बघता पास केला नाही असं सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या बाईने बससाठी आठ सह्या केल्या. त्या नटांच्या भरवशावर पुढे तूही उडणार होतास. हे तोंडावर सांगायला मला चार महिने मिळाले होते, आणि मी नाशिकमध्येच होते.

भाऊबीजेला मी आले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं, ते खोटंही नव्हतं. तूही आला नाहीस. म्हटलं, मी लहान आहे, पण चूक दोघांची आहे, दादाने एक फोन करावा. तू बहुधा उलट म्हणत असशील. संक्रांतीला वहिनींनी तिळगुळ पाठवला, त्यावर तुझ्या अक्षरात काही लिहिलंय का म्हणून मी पुडीचा कागदसुद्धा उलटून बघितला. मग द्राक्षांची काढणी सुरू झाली, आणि एका सकाळी आंघोळ करून तू चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत गेलास. मला पोचायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होतो आपण.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांचा फोन आला, ज्यांनी पहिलं उड्डाण करायचं तू ठरवलं होतंस. ट्रक रविवारी येणार, विमान धावपट्टीवर न्यायचं, तुषारने होकार दिलाय. "ताई, मी तुमच्या भावावर विश्वास ठेवून त्यात बसणार आहे," ते म्हणाले. "पण वहीत दोन सह्या लागतात. दुसरी तुमची ना?" मी हो म्हणाले. 

तुषार म्हणाला, "आत्या, बाबांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार. वही घरी आणून देतो, तू सह्या करून टाक." पोरगं चांगल्या मनाने म्हणत होतं. मी त्याच्यावर अशी खेकसले की वहिनी आतून बाहेर आल्या.

गुरुवारी शेडवर आले. बाळूभाऊंनी कुलूप उघडलं. म्हणाले, "लय दिवसांनी आल्या ताई. दादा तर रोज यायचे. टॉर्च दातात धरून पडलेले असायचे खाली. मी म्हणलं, आता काय राहिलंय, तर म्हणायचे, रंगरंगोटी." मला वाटलं कापडाला रंग देत असशील. कापड तर पांढरंच होतं.

मी टेकूपाशी वाकले आणि टॉर्च लावला. नटावर निळी रेघ होती. शेजारच्यावर निळी. वरच्या टोकाला निळी. मी सीटमागे गेले, शेपटीला गेले, इंजिनच्या चौकटीत हात घालून बघितलं, चाकांपाशी पडून बघितलं. लाल कुठेच नव्हतं. एकेक नट खरवडून, पुसून, पुन्हा आवळून, पुन्हा रेघ. तीनशे बारा नट, मोतीबिंदूचा डोळा, आणि अडुसष्टाव्या वर्षी पाठीवर झोपून.

तिथूनच वहिनींना फोन केला.  त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही होय? भाऊबीजेला चार वाजेपर्यंत पाट उचलू दिला नाही त्यांनी. मग मला म्हणाले, चल मेन रोडला. निम्मी दुकानं बंद. एका बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि त्या पोरीला म्हणाले, नेलपॉलिश दे, लाल सोडून कुठलाही रंग. तिने पिवळी काढली तर म्हणतात, पिवळी पण नको, हळद असते. सहा बाटल्या घेतल्या निळ्या. पोरगी हसायला लागली, कोणासाठी काका? तर म्हणाले, बहिणीसाठी."

मला वाटतं मी फोन तसाच बाकावर ठेवून दिला. वहिनी पलीकडून हॅलो हॅलो करत होत्या.

रागही आला, दादा. तो लिहिल्याशिवाय हे खरं होणार नाही. रंग बदललास, ते मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? एक फोन. मंदे, निळा आणलाय, एवढंच. मी धावत आले असते, गुडघा आणि सगळं घेऊन. तुला वाटलं पुढच्या खंडेनवमीला मी आपोआप येईन, कुंकू कालवेन आणि निळं बघून समजेन. सगळं काम पूर्ण करून मग दाखवायची तुझी सवय. शाळेत असतानाही पतंग गच्चीवर नेऊन उडाल्यावरच मला हाक मारायचास.

अंड्यांच्या ट्रेखाली नवी वही होती. पहिला खाना भरलेला, तीनशे बारा टिका, तुझ्या त्या जोर लावून लिहिलेल्या. दुसरा खाना वरपासून खालपर्यंत कोरा. वर नाव तेच, दुसरी नजर. बाळूभाऊ म्हणाले तुषारने एकदा विचारलं होतं, मी करू का सह्या, तर तू म्हणालास, ते ठरलेलं हाय.

मग मी कामाला लागले. गुरुवार, शुक्रवार आणि आज शनिवार, सकाळी गॅसचा खटका बघून झाल्यावर पहिल्या बसने. पाना लावायचा, ठरलेल्या जोराला तो कट्ट वाजेपर्यंत ओढायचा, रेघ जागची हलली नाही ना बघायचं, मग सही. कुठे आटे भोकात आलेत का, कुठे तिसरा वॉशर आहे का, कुठे नट अडवायची पिन जुनीच वापरलीय का. खरं सांगू? मी तुझी चूक शोधत होते. एक तरी सापडावी, म्हणजे आपण बरोबरीत येऊ. ज्या आठ नटांना मी कुंकू लावलं होतं, त्यांच्यापाशी पाना हातातून दोनदा निसटला. आठही बरोबर होते. शंभर झाले, दोनशे झाले. बाळूभाऊंच्या बायकोने दुपारी भाकरी आणून दिली, ती उभ्यानेच खाल्ली.

आज दुपारी उशिरा सापडली. सीटच्या मागे, शेपटीकडे जाणारा दांडा जिथे जोडलाय तिथे. बोल्टचं डोकं खाली, नट वर. तुझा स्वतःचा नियम, ज्याच्यावरून तू नऊ वर्षं माझं डोकं खाल्लंस. मला काय झालं सांगता येत नाही. चिडले, खूश झाले. वही ओढली, तो क्रमांक शोधला. पुढे शेऱ्यात तुझं अक्षर होतं.

"वरून घालायला जागा नाही, नळी आडवी येते. पिन नवी टाकलीय. मंदा ओरडेल."

मी तो बोल्ट वरून जाईल का ते बघितलं. फुटपट्टी घालून बघितलं, तसलाच दुसरा बोल्ट ट्रेमधून घेऊन तिरका करून बघितलं, आरशाचा तुकडा धरून बघितलं. अर्धा तास गेला. नळी खरंच आडवी येत होती.

मग मी ओरडले. डोकं खाली कुणी सांगितलं होतं रे तुला, नियम काय फक्त मलाच का, दादा, दादा, असं काहीतरी. पत्र्याच्या शेडमध्ये केवढा आवाज झाला. बाळूभाऊ कात्री हातात घेऊनच बागेतून पळत आले.

"काय झालं ताई?"

"काही नाही. एक बोल्ट उलटा आहे."

"मंग सुलटा करा की."

"नाही होणार. बरोबर आहे तो."

त्यांना काही कळलं नाही. दारातच उकिडवे बसून राहिले. मी डोळे पुसले, पिनेचे दोन्ही पाय बोटांनी चाचपले, नट फिरतो का बघितलं, टॉर्च जवळ नेऊन निळी रेघ वरपासून खालपर्यंत बघितली. त्या ओळीपुढे सही केली. मग उरलेले नऊ तपासले, एकेक, पाना लावून. शेवटची सही करून बाहेर आले तेव्हा साडेपाचची बस निघून गेली होती.